डाव्या खांद्याचं दुःख

मी ते चित्र निवडलं, कारण त्यातला माणूस पाठमोरा होता. चेहरे मला जमत नाहीत. (मी काढलेल्या माणसाचा एक डोळा तुमच्याकडे बघत असतो आणि दुसरा घरी निघालेला असतो.) चित्रकलेच्या सरांनी सुट्टीत एका जुन्या चित्राची तैलरंगात नक्कल करायला सांगितली होती. चांगल्या नकला शाळेच्या प्रदर्शनात लागणार होत्या आणि त्यांना क्रमांकही मिळणार होते. तीन वर्षं झाली तरी सर मला ‘खिडकीजवळची’ म्हणतात. त्यामुळे माझं चित्र, खाली माझ्या नावासकट, त्या भिंतीवर लागणं मला फार गरजेचं वाटत होतं.

चित्रात धुकं होतं, पडका बुरूज होता आणि त्याच्याकडे बघत एकटाच उभा असलेला, काळ्या झग्यातला एक दुःखी माणूस होता. धुकं सोपं गेलं. (तैलरंग आठ-आठ दिवस वाळत नाही. चुका पुसत राहिलं की धुकं आपोआप होतं.) झगा मात्र काही केल्या जमेना.

“छत्री छान आलीय,” दादा म्हणाला.

म्हणजे घड्या खऱ्या कापडावरच बघायला हव्या होत्या. बाबा लगेच तयार झाले. मी त्यांच्या खांद्यांवर काळं ब्लँकेट टाकलं आणि त्यांना खिडकीकडे तोंड करून उभं केलं.

“हलायचं नाही, बोलायचं नाही. नुसतं दुःखी उभं राहायचं.”

“दुःख कशाचं?”

“ते चित्रात दिलेलं नाही.”

“मग मी सोमवारचं धरतो,” बाबा म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

मी कपाटाच्या उघड्या दाराआड बसले आणि फटीतून बघत रंगवू लागले. समोर कुणी असलं की मला रंगवता येत नाही, मग ती बाबांची पाठ का असेना.

अर्ध्या तासाने आई आली. सकाळी नळावरून दोघांची चांगलीच जुंपली होती. बाबांनी दुरुस्त केल्यापासून तो जास्तच गळत होता आणि आईने हे शेजारच्या काकूंसमोर सांगितलं होतं.

“अजून राग गेला नाही वाटतं?” आई पाठीला म्हणाली.

पाठ गप्प.

“बरं, चुकलं माझं. काकूंसमोर नको होतं बोलायला.”

बाबा शब्दाचे पक्के. तसूभर हलले नाहीत.

आईचा आवाज उतरला. “म्हणजे कळलं वाटतं तुम्हाला. तुमचा चौकड्यांचा शर्ट लाँड्रीत हरवला नाही. मीच त्याची फडकी केली.”

मी हातातल्या ब्रश पुसायच्या फडक्याकडे पाहिलं. चौकडे होते.

“आणि तुमच्या ताई रविवारी येणार होत्या, त्यांना मीच नको म्हटलं. तुम्हाला गोवर आलाय म्हणून सांगितलं.”

ब्लँकेट थरथरू लागलं. खांद्यापासून खाली घड्या अशा काही पडायला लागल्या, की मी श्वास रोखून रंगवत सुटले. (मुलगी म्हणून मी तेव्हाच पुढे यायला हवं होतं. पण चित्रकार म्हणून माझा डावा खांदा राहिला होता.)

“अहो, रडताय की काय?” आईने घाबरून त्यांच्या खांद्याला हात लावला.

“हलवू नकोस गं,” बाबा ओठ न हलवता म्हणाले, “पोरीचं काम चाललंय.”

आईने सावकाश कपाटाचं दार लोटलं.

“तू कधीपासून आहेस इथे?”

“राग गेला नाही वाटतं, तिथपासून.”

पुढचे दोन दिवस आई आमच्याशी बोलली नाही. सारखी पाठ करून असायची. (तीही रंगवण्यासारखी होती, पण विचारायची हिंमत झाली नाही.)

सुट्टी संपल्यावर सर माझ्या चित्रासमोर थांबले.

“मूळ चित्रातला माणूस जगाला विटलाय,” ते म्हणाले. “हा तर हसू दाबतोय.”

“दिसलं तसं काढलं, सर,” मी बुटांकडे बघत म्हणाले.

चित्र भिंतीवर लागलं, खाली माझं पूर्ण नावही लागलं. फक्त सरांनी ते नकलांमधून काढून ‘विनोदी चित्रे’ असा नवा विभाग करून त्यात लावलं होतं.

त्या विभागात माझं एकटीचंच चित्र होतं. तरी मला दुसरा क्रमांक मिळाला.