बंद न करायचं मशीन

भानुदासकाकांच्या दुकानात कुणी नुसतं शिंकलं, तरी काका शिंकणाऱ्याकडे न बघता भिंतीवरच्या एका बटणाकडे बघायचे. बटण दिसायचं नाही. त्यावर त्यांनी साबणाची प्लॅस्टिकची डबी उपडी बसवून चार स्क्रू मारले होते आणि वर स्केचपेननं लिहिलं होतं, ‘हात लावू नये. पाहुण्यांनी पण.’ त्या बटणावर त्यांचा कॉम्प्युटर चालायचा, आणि मी सांगतेय त्या तीन आठवड्यांत तो एकदाही बंद झाला नाही.

त्यांच्याविषयी मी लिहावं का, हाच मला प्रश्न होता. मी काही लेखिका नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आजोबांपर्यंत मेंढरं होती. वडील आता थोडी शेती करतात आणि हंगामात कापसाच्या जिनिंगवर कामाला जातात. मी अंबडच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, तेवढ्यावरून आमच्या वडीगोद्रीतल्या लोकांना वाटतं की मला त्यातलं सगळं येतं. मला किती येतं ते मला माहीत आहे, म्हणून मी सहसा गप्प असते. पण एक दिवस मी एसटीतून उतरले आणि हायवेकडेच्या त्यांच्या दुकानातून हाक आली.

“ए कालेजवाली! फ्लॉपी वळखती का?”

मी खरं ते सांगितलं. फ्लॉपी म्हणजे सेव्हच्या बटणावरचं चौकोनी चित्र, एवढंच मला ठाऊक होतं.

“बिलकुल बराबर,” काका खूश होऊन म्हणाले. “फोटो पाह्यलास, आता देव बघ.”

‘बिलकुल बराबर’ हे ते कशालाही म्हणतात. गिऱ्हाईक म्हणालं, काका, तुम्ही दुरुस्त केलेला मिक्सर पुन्हा जळाला, तरी “बिलकुल बराबर, जळणारच व्हता.” पूर्वी ते रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. आता टीव्ही कुणी दुरुस्तीला आणत नाही. मोबाईलचे चार्जर येतात, मिक्सर येतात, ट्रकवाल्यांचे स्पीकर येतात. पण आतल्या टेबलावर, जुन्या टीव्हीला जोडलेला, भाकरीच्या काठवटीएवढा एक पिवळट कीबोर्ड आहे. तो कीबोर्डच कॉम्प्युटर. परदेशातून परतलेल्या एका कुटुंबानं काका तरुण असताना तो दुरुस्तीला टाकला. मग ते लोक शहरात गेले आणि जाताना म्हणाले, ठेवून घ्या. काकांनी तो अजून ठेवून घेतलाय.

त्या मशीनला मराठी येत नव्हतं. काकांना ते फार लागलं. “आपल्या घरात राहायचं आन आपली भाषा न्हाई यायची?” त्यांनी ठरवलं, अक्षरं आपणच घालायची. सोळा ठिपके उभे, सोळा आडवे, आणि त्यात एक अक्षर बसवायचं. काकांनी केलेला ‘अ’ खेकड्यासारखा दिसायला लागला. तेव्हा सरूकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चौथी शिकलेल्या, म्हणाल्या, “सरका तिकडं. ठिपक्यांचं काम बायांचं असतंय.”

काकू रोज सकाळी दारात रांगोळीचे ठिपके टाकून एक अक्षर काढायच्या. काका पुढ्यात बसून ते चौकटीच्या कागदावर उतरवायचे आणि मशीनमध्ये घालायचे. एका ‘ळ’ला तीन सकाळी गेल्या. रोज एकाच घरापुढे एकच मोठं अक्षर बघून गल्लीतल्या बायांना वाटलं, हे कुणावर तरी काहीतरी करून राह्यलेत. ‘ठ’च्या दिवशी समोरच्या ठमाबाई भांडायला आल्या होत्या म्हणे.

ती सगळी अक्षरं एका फ्लॉपीवर. दुसरी प्रत नाही.

आता काकू पुण्याला असतात. लेक नोकरी करते, तिचं बाळ सांभाळायला गेल्या दिवाळीनंतर गेल्या, त्या तिकडेच. काका रोज संध्याकाळी टीव्हीवर त्यांना एक ओळ टाइप करतात, मोबाईलनं टीव्हीचा फोटो काढतात आणि पाठवतात. मोबाईलमध्ये मराठी असताना हा एवढा खटाटोप कशाला, असं मी एकदा भीत भीत विचारलं. काका म्हणाले, “मोबाईलमधली अक्षरं कुणाची हायेत? वळख ना पाळख.”

एका संध्याकाळची ओळ मी पाहिली. ‘आज गवार केली. मीठ विसरलो.’ काकूंचं उत्तर आवाजात आलं, सगळ्या दुकानाला ऐकू गेलं. “मीठच विसरले ना? मंग तब्येत ठीक हाये.”

तर अडचण अशी, की ती फ्लॉपी वाचली जाईना. दहादा घालावी तर एकदा वाचायची, तीही अर्धी. आणि काकू खंडेनवमीला चार दिवसांसाठी गावी येणार होत्या. त्याच्या आत काकांना ती अक्षरं वाचवायची होती. कशामुळे बिघडली, हे मी आधी विचारलं, कारण आम्हाला कॉलेजात तसं शिकवलंय. काका म्हणाले, ओल लागली. मी वहीत ‘ओल’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या वडिलांना म्हणाले, उंदरानं घोळ केला. तिसऱ्या दिवशी लाईनमन सोनाजीमामांना म्हणाले, तुमच्या व्होल्टेजनं खाल्ली. मी वहीत तिन्ही लिहून प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

कोऱ्या फ्लॉप्या जालन्यात मिळाल्या नाहीत. मी मोबाईलवरून मागवल्या. त्या यायला बरेच दिवस लागणार होते, आणि फ्लॉपी तर दिवसागणिक बिघडत होती. तेव्हा काकांनी युक्ती सांगितली.

“हे बघ, फ्लॉपी म्हणजे वही. मेमरी म्हणजे मशीनचं डोकं. वही फाटून राह्यली ना? मंग डोक्यातच एक वही करू. मशीनला सांगू, ही वहीच हाये समज, उठलं की हिच्यातूनच वाच.”

मला हे पटायला वेळ लागला, पण ते खरं होतं. मेमरीचा एक तुकडा बाजूला काढून त्यालाच डिस्क म्हणायचं. मशीन अडकलं, उन्हानं ते रोज अडकायचंच, तर तीन बटणं एकदम दाबून ते पुन्हा सुरू करता येतं. तेवढ्यानं तो तुकडा पुसला जात नाही. “ती डुलकी,” काका म्हणायचे. “पण लाईट गेली की मेलं. डोक्याला रक्त पाहिजे.”

पहिल्या खेपेला आम्ही चुकलो. म्हणजे मी चुकले. फ्लॉपी एकदाची पूर्ण वाचली गेली, अक्षरं मेमरीत आली, काकांनी मला पेढा दिला. पण उठल्यावर काय करायचं हे मशीनला सांगणारी एक छोटी फाईल मी त्यात ठेवलीच नव्हती. दुपारी मशीन अडकलं, तीन बटणं दाबली, आणि पडद्यावर चित्र आलं, फ्लॉपी द्या. अक्षरं आत होती की नव्हती कोण जाणे, पण तिथवर जायची वाटच नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“रडती कामून? मशीन हाये ते, सासरा न्हाई,” काका म्हणाले. पण पुढचे दोन दिवस ते फ्लॉपी घालत होते, काढत होते, घालत होते, आणि त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच इतका उतरलेला पाहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा एकदा पूर्ण वाचली गेली. काका कुजबुजले, “ही शेवटची. आता हिच्यात दम न्हाई.” या वेळी मी एकेक फाईल वहीत बोट ठेवून तपासली. मग काकांनी तीन बटणं दाबली. मशीन फ्लॉपी न मागता उठलं आणि टीव्हीवर काकूंचा ‘अ’ आला.

“बिलकुल बराबर!” काका इतक्या जोरात ओरडले की हायवेवरच्या रसवंतीवाल्यानं गाडा थांबवला.

त्याच दिवशी साबणाची डबी बसली. इन्व्हर्टर आला. सोनाजीमामांना हुकूम झाला की लाईट घालवण्याआधी फोन करायचा. मामा म्हणायचे, “कलेक्टरला न्हाई करत मी फोन, तुम्हाला करून राह्यलो.” दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला काका आधी विचारायचे, “तुमच्या फीडरला लाईट किती वाजेपर्यंत?” आणि मग चार्जर हातात घ्यायचे.

नवरात्राच्या पाचव्या माळेला सकाळी मामांचा फोन आला. “काका, डीपी जळाली. उद्यापर्यंत लाईटचं नाव घेऊ नका.”

इन्व्हर्टरमध्ये चार तास होते. काका दुकानातून जे निघाले, ते थेट देवीच्या मंडळाच्या मांडवात. तिथे जनरेटर होतं. मंडळाची पोरं म्हणाली, “वायर देतो काका, पण आमचा स्पीकर नीट करून द्या. आन आरतीला यायचं. दरवर्षी टाळता तुम्ही.” काकांनी स्पीकर तिथेच मांडी घालून दुरुस्त केला. मामांनी मांडवापासून दुकानापर्यंत वायर ओढून इन्व्हर्टरला जोडली. तिन्हीसांजेच्या आरतीला काका पहिल्या रांगेत उभे होते. टाळ्या वाजवत होते, पण तोंड देवीकडे नव्हतं, दुकानाकडे होतं. एक पोरगं म्हणालं, “काका, देवी इकडं हाये.” काका म्हणाले, “तिला माहीत हाये मी आल्तो.”

सातव्या माळेला फ्लॉप्या आल्या. मेमरीतून नव्या फ्लॉपीवर प्रत करायला दोन मिनिटंही लागली नाहीत. आम्ही ती काढली, पुन्हा घातली, एकेक अक्षर तपासलं. ‘ळ’सुद्धा जसाच्या तसा होता. काका खुर्चीत टेकले, नवी फ्लॉपी बाहीनं पुसली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

मी जुनी फ्लॉपी हातात घेतली. मला अजून कारण कळलेलं नव्हतं. तिची पत्र्याची झडप मी नखानं बाजूला केली. आतली काळी चकती लाल झाली होती. बारीक, कोरडी, लाल पूड. बोटाला लागली.

“काका, हे कुंकू आहे.”

ते उठले. माझ्या हातातून फ्लॉपी घेतली आणि झडप लावली.

“गेल्या खंडेनवमीला,” ते म्हणाले. “पान्हा, पकड, सोल्डरिंग, सगळ्याला हळदकुंकू लावलं तिनं. मंग म्हणली, माझी अक्षरं ज्याच्यात हायेत ते द्या की. मी दिली. तिला वाटलं ही झडप म्हणजे दार हाये. दार उघडून चांगलं आतपर्यंत लावलं. देवाला लावावं तसं.”

“तुम्ही थांबवलं नाही?”

“तिचं तोंड पाह्यलं असतंस तर तूबी थांबवलं नसतं.” मग हळूच म्हणाले, “तिला न्हाई सांगायचं हां. ओल लागल्ती म्हण. उंदीर म्हण. काय पाहिजे ते म्हण.”

मी वही काढली आणि तिन्ही कारणांपुढची प्रश्नचिन्हं खोडली.

अष्टमीला काकू आल्या. खंडेनवमीला सकाळी मी दुकानात गेले तेव्हा त्या ताट घेऊन उभ्याच होत्या. सगळी औजारं चौरंगावर मांडलेली.

“अहो, ते बंद करा आधी. चालू औजाराची पूजा करतंय का कुणी? एक दिवस त्याला आराम नको?”

काकांनी साबणाच्या डबीचे चार स्क्रू काढले आणि बटण दाबलं. टीव्ही काळा झाला. इतक्या दिवसांनी दुकानात घरघर नव्हती.

काकूंनी कीबोर्डला हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं. मग हात पुढे केला. “माझी अक्षरं?”

काकांनी जुनी फ्लॉपी त्यांच्या हातावर ठेवली. नवी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती, आणि खिशावर त्यांनी आपला पंजा घट्ट दाबून धरला होता. काकूंनी नखानं झडप उघडली, आत बघायला वाकल्या नाहीत, चिमूटभर कुंकू घेतलं आणि थबकल्या.

“छातीला हात लावून कामून उभे हाये? दुखून राह्यलं का?”

“न्हाई न्हाई,” काका म्हणाले. “तू लाव. लाव की सढळ हातानं, चिमटीनं काय लावून राह्यली!”