एक रुपयाची कपात

मार्चची एकतीस तारीख, सकाळचे नऊ. मागणीची एकूण रक्कम एक लाख चौऱ्याऐंशी हजार रुपये. उपस्थिती तीन: काशिनाथअण्णा, त्यांची बायको हौसाआक्का आणि मी. शिवाय एक शेळी. तिला मत नव्हतं, पण मतदानाआधी घंटा वाजवावी लागते, आणि घरातली एकुलती एक घंटा तिच्या गळ्यात होती.

अण्णांच्या घरच्या अर्थसंकल्पाला मी हजर राहिलो ती ही पहिली वेळ. त्यानंतर अकरा वर्षं एकदाही चुकलो नाही.

पेठला माझ्या घराला लागूनच अण्णांचं दोन खोल्यांचं घर आहे. मूळचे ते वर आहुप्याकडचे. एकतीस वर्षं मुंबईला विधान भवनात शिपाई होते. आक्का मात्र गावीच, भाताची खाचरं आणि नाचणी बघत राहिल्या. अर्थसंकल्पाची पुस्तकं आली की गठ्ठे उचलायचं काम अण्णांकडे असे, त्यामुळे राज्याचा अर्थसंकल्प ते वजनावरून ओळखत. "त्या साली लई जड व्हता, भाऊ. दोन जिनं चढलो तर खांदा भरून आला. तूट हाये, हे आमाला तवाच कळलं."

निवृत्त होऊन पेठला आले आणि घर त्यांनी राज्यासारखं चालवायला घेतलं. जमेला पेन्शन आणि वरच्या खाचरांचा भात. खर्चाला किराणा, औषधं, वीज, आहेर, शेळी आणि अण्णांच्या विड्या. प्रत्येकाची वेगळी मागणी. ती ओट्यावर वाचायची, तिच्यावर मत घ्यायचं, मगच पैसे डब्यातून बाहेर. "मताबिगर पैसा हालायचा न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी खत-बियाण्याच्या दुकानात हिशेब लिहितो, म्हणून मला अध्यक्ष केलं.

एकदा ऑगस्टमध्ये झाडू तुटला. झाडूला तरतूद नव्हती. "पुरवणी मागणीत टाका," मी म्हणालो. "पावसाळी अधिवेशन उरकलं," अण्णा म्हणाले. "आता डिसेंबरात." आक्कांनी चार महिने आमचा झाडू वापरला. डिसेंबरात साठ रुपये मंजूर झाले, त्याचे दोन झाडू आले. त्यातला एक अण्णांनी आम्हाला दिला. आमच्या झाडूचा घसारा म्हणून.

एका वर्षी मुलीचं बाळंतपण होतं, म्हणून आक्का मार्चअखेरीला येडगावला लेकीकडे गेल्या. गणपूर्ती झाली नाही, अर्थसंकल्प राहिला. एक एप्रिलला सकाळी अण्णा आमच्या दारात. डब्यात पैसे होते, पण काढायला मंजुरी नव्हती. "अशा वेळी लेखानुदान घ्यायचं असतं, भाऊ. पुरं बजेट हुईस्तवर चार महिन्यांचा खर्च. माझ्या ध्यानातच आलं न्हाई." तेरा दिवस ते आमच्याकडे चहा प्यायले. रोज दोन कप, एकूण सव्वीस. आक्का परतल्यावर सव्वीस कपांचे पैसे मंजूर करून आणून दिले. मी घेतले नाहीत, तर आठवडाभर बोलले नाहीत.

आता कपातीबद्दल. आक्कांना अक्षरओळख नव्हती, पण अण्णांनी त्यांना विरोधी पक्षाची सगळी आयुधं शिकवली होती. सरकारविरुद्ध गाऱ्हाणं असेल तर आमदार कपात सूचना मांडतो: ही मागणी शंभर रुपयांनी कमी करा. "शंभरानं सरकारचं काय जातंय? त्यो पैसा नसतोच, भाऊ. गाऱ्हाणं असतं. पण ती पास झाली, तर सरकार पडलंच म्हणायचं." घराला शंभर परवडत नसल्यामुळे इथे कपात एक रुपयाची.

दरवर्षी सगळ्या मागण्या आक्का मान हलवून मंजूर करत. शेवटी विड्यांची मागणी आली की पाटावरून उठून उभ्या राहत. पदर खोचून म्हणत, "शिमग्याला माणूस घरी न्हवतं. एक रुपाया कमी."

अण्णा मंत्र्याच्या सुरात उत्तर देत, "सरकारनं याची नोंद घेतली हाये."

मग शेळीला हलवून घंटा. कपातीच्या बाजूने एक, विरोधात एक. समान मतं पडली की अध्यक्षाने मत द्यायचं, आणि आहे ते तसंच ठेवायचं, हे मला अण्णांनीच शिकवलं होतं. मी अण्णांच्या बाजूने हात वर करी. "राव, तुमी सरकारचंच!" म्हणत आक्का चहा टाकायला आत जात. अकरा वर्षांत अकरा वेळा मी त्यांची कपात पाडली.

मला वाटे, अधिवेशनामुळे अण्णांना होळीला कधी गावी येता आलं नाही, त्याचा हा लटका राग. एकदा मी म्हणालोसुद्धा, "आक्का, पुरणपोळीवरून एवढं मनात धरायचं?" त्या हसल्या नाहीत. अण्णा उठून शेळीला पाणी दाखवायला गेले. तेव्हा मला कळायला हवं होतं.

गेल्या दिवाळीनंतर आक्कांना मंचरला दवाखान्यात ठेवलं. झाडूला चार महिने लावणारे अण्णा त्या दिवशी बँकेत जाऊन पैसे काढून आले. सवयीने माझ्या तोंडून गेलं, "अण्णा, मागणी?"

"आकस्मिकता निधी," ते म्हणाले. "आधी खर्च, मग सभागृह."

एकोणीस दिवस ते खाटेशेजारी पोत्यावर बसून होते. लेक म्हणाली, "आबा, एक रात घरी जाऊन पडा." ते गेले नाहीत. विसाव्या दिवशी आक्का गेल्या.

यंदा एकतीस मार्चला नऊ वाजता अण्णांनी हाक मारली. गणपूर्तीसाठी ओट्यावर आक्कांचा पाट मांडलेला होता. अण्णांनी एकच मागणी वाचली. "दवाखाना. एकसष्ट हजार तीनशे चाळीस. खर्च झालेला हाये, मंजुरी बाकी हाये."

मग ते थांबले. पाटाकडे बघत राहिले. मीही थांबलो. त्या जागी कोणीतरी काहीतरी बोलायचं असतं, याची आम्हा दोघांना सवय होती.

थोड्या वेळाने अण्णा उठले, पाटाजवळ जाऊन उभे राहिले.

"शिमग्याला माणूस घरी न्हवतं. एक रुपाया कमी."

आणि मग मला म्हणाले, "नोकरीचं दुसरं वरीस, भाऊ. ही पहिलटकरीण. दिस भरायच्या आधीच पोटात दुखाया लागलं. चौघांनी घोंगडीत घालून खाली डिंभ्याकडं आणली. पोरगा झाला. सांजेपतोर व्हता. मला तार आली व्हती दोन दिस आधी, लगेच या म्हणून."

"रजा दिली नाही?"

"देत व्हते की! साहेब म्हनलं, जा. मीच म्हनलो, ईनियोजन विधेयक हुऊ द्या, मग जातो. ते पास झाल्याबिगर सरकारला तिजोरीतनं पैसा काढता येत न्हाई. मला वाटलं, माझ्यावाचून राज्याचं बजेट अडंल." ते जरासे हसले. "गठ्ठं उचलायचो मी. शिपाई अजून चौदा व्हते."

अण्णांनी वाकून पाटावरची धूळ हाताने पुसली.

"पोरगं मी बघितलं न्हाई. हिनं त्याबद्दल घरात कधी तोंड उघडलं न्हाई. म्हणून तर हे सगळं काढलं, भाऊ. म्हनलं, सभागृहात तरी बोलंल."

शेळीने मान हलवली, घंटा वाजली.

"मत घ्या," अण्णा म्हणाले.

कपातीच्या बाजूने एक. विरोधात कोणी नाही. मतं समान नव्हती, त्यामुळे अध्यक्षाला मत नव्हतं. तरी मी हात वर केला, आक्कांच्या बाजूने. ते नियमात बसत नव्हतं. अण्णांनी हरकत घेतली नाही.

"सरकार पडलं," ते म्हणाले आणि खाली बसले.

मंजूर रक्कम एकसष्ट हजार तीनशे एकोणचाळीस. मंजुरीपेक्षा जास्त झालेला खर्च, खर्च करणाऱ्याकडून वसूल होतो. अण्णांनी कनवटीचा रुपया काढून पाटावर ठेवला.

दवाखान्याला एकसष्ट हजार तीनशे चाळीस, आधीच दिलेले. हौसाआक्कांना एक रुपया, त्या दिवशी दिला.