मुकुट एकाच दिवसात

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी सव्वासात वाजता घाटंजी तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर देवीच्या मुकुटाची समोरची कळी तुटली. तुटली ती धनसिंगच्या हातात. चिंच लावून पितळ घासताना मधली पांढरी कळी निसटली आणि फरशीवर पडली. ती शोधायला तो घाईने उठला, तेवढ्यात पाट सरकला आणि कळीचा चुरा झाला. पाच कळ्यांच्या मुकुटात चार उरल्या आणि मधोमध एक भोक.

तांड्यावर देवीला याडी म्हणतात, म्हणजे आई. याडी खंडित मुकुट घालत नाही, मुकुटाशिवाय बसत नाही आणि दिवस मावळल्यावर तिला बसवत नाहीत. मुकुट घरी सांभाळण्याचा आणि स्थापनेला डोक्यावर वाहून नेण्याचा मान धनसिंगच्या आजोबांपासून त्याच्या घरात होता. मुकुट वेळेवर आणि अखंड आला नाही, तर तो मान चुलतभाऊ बादलच्या घरी जाणार, हेही ठरलेलं होतं. बादल दर घटस्थापनेला सकाळीच येऊन मुकुटाची तब्येत विचारून जात असे.

धनसिंगने फक्त लालीबाईला, म्हणजे बायकोला, सांगितलं. तिने आवाज चढवला नाही.

"बादल आला तं मुकुट पूजेत आहे म्हणून सांगीन," ती म्हणाली. "पन तुमी दिवस बुडायच्या आंधी या. बुडल्यावर यायचं असन तं येऊच नका."

घाटंजीच्या सोनाराने मुकुट उलटासुलटा करून पाहिला आणि दसऱ्यानंतर या, असं सांगितलं. धनसिंग मुकुटाचं गाठोडं छातीशी धरून बसस्टँडवर आला आणि तिथे त्याला तो फलक दिसला. फलकाचा निम्मा भाग एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकाखाली झाकला गेला होता. उरलेल्या भागावर लिहिलं होतं: मुकुट एकाच दिवसात. डिजिटल तंत्रज्ञान. दुसरी फेरी नाही. खाली यवतमाळचा फोन नंबर.

हा फलक डॉक्टर अनघा यांच्या दाताच्या दवाखान्याचा होता आणि त्याची भाषा त्यांचे सासरे मधुसूदन यांची होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून मधुसूदन घरातलं आणि दवाखान्यातलं मराठी दुरुस्त करत होते. दातावर जी टोपी बसवतात तिला डॉक्टर क्राऊन म्हणतात, लोक कॅप म्हणतात. मधुसूदनांना दोन्ही मान्य नव्हते. टोपी हा मराठी शब्द होता, पण दवाखान्याच्या जाहिरातीत 'एकाच दिवसात टोपी घालून मिळेल' असं लिहिणं बरं दिसणार नाही, हे त्यांनाही पटलं. म्हणून मुकुट.

धनसिंगने फोन लावला. तो दवाखान्यातल्या बबिताने उचलला.

"मुकुट आजच्या आज होते काय?"

"होते ना. मोडला का निंघाला?"

"मोडला. सकाऊनच."

"समोरचा का मांगचा?"

"समोरचा. मधातला."

"अरेरे," बबिता म्हणाली. "समोरचा म्हंजे शोभाच गेली, भाऊ. या तुमी, बसवून देतो."

सकाळपासून त्याचं दुःख नेमकं समजलेलं हे पहिलंच माणूस होतं. त्याने पुढे काही विचारलं नाही.

यवतमाळला पोहोचल्यावर दवाखाना दाताचा आहे हे त्याला दिसलं, पण त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही. त्याच्या मामाच्या दातावर सोन्याची टोपी होती. जो माणूस तोंडाच्या अंधारात सोनं बसवतो, त्याला उजेडात एक कळी बसवणं काय जड, असा त्याने विचार केला. हा विचार चुकीचा नव्हता, हे नंतरच्या घटनांवरून दिसेल. त्याने गाठोडं दोन्ही हातांनी बबिताकडे दिलं आणि मुकुट आहे, जपून, असं सांगितलं. बाहेरगावचे पेशंट डबे आणि पिशव्या घेऊन येतात. पेशंटचं नाव लिहिता लिहिता बबिताने 'मुकुट आहे' एवढंच ऐकलं, हो म्हटलं आणि गाठोडं इतर पिशव्यांबरोबर मांडणीवर ठेवलं.

डॉक्टर अनघांनी त्याला खुर्चीवर बसवून तोंड उघडायला सांगितलं. आधी मुकुट पाहावा, अशी धनसिंगने विनंती केली. मुकुटाचंच बघते आहे, असं त्या म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंशी वाद कशाला म्हणून त्याने तोंड उघडलं.

समोरचे दात शाबूत होते. मागची एक दाढ मात्र अर्धी तुटलेली होती. पेशंट समोरचा सांगतात आणि निघतो मागचा, हा अनघांचा रोजचा अनुभव. त्यांनी दाढेला नुसती हवा मारली आणि धनसिंग खुर्चीत वीतभर वर उचलला गेला. ती दाढ गेल्या पोळ्यापासून दुखत होती, हे त्याने कबूल केलं.

"हेही आजच होऊन जाईल," अनघा म्हणाल्या. "सुन्न करते, म्हणजे कळणार नाही."

"करा," धनसिंग म्हणाला. "पन मुकुट आजच पायजे. दिवस मावळायच्या आंधी."

"आजच मिळेल. एकाच बैठकीत."

एका फेरीत दोन कामं होत होती. धनसिंग निवांत झाला. सुई टोचली गेली आणि थोड्या वेळात त्याचा गाल, अर्धी जीभ आणि खालचा ओठ ही त्याची राहिली नाहीत. खऱ्या गोंधळाला सुरुवात तिथून झाली, कारण यापुढे त्याला बोलता येत नव्हतं.

दाढ घासून झाल्यावर अनघांनी पेनासारखा एक कॅमेरा त्याच्या तोंडात फिरवला. पूर्वी यासाठी तोंडात गुलाबी लगदा भरून माप घ्यायचे, माणसाला ओकारी यायची, माप नागपूरला जायचं आणि आठवड्याने परत यायचं. तोवर पेशंट तात्पुरत्या टोपीवर एका बाजूने जेवायचा. आता माप पडद्यावर उमटत होतं आणि मुकुट शेजारच्या खोलीत कोरला जात होता. हे अनघा प्रत्येक पेशंटला सांगत. धनसिंगला यातलं मुकुट शेजारच्या खोलीत कोरला जातो आहे, तेवढं पुरलं.

बबिताने त्याला यंत्र दाखवायला नेलं. काचेच्या पेटीत पाण्याची धार उडत होती आणि दोन बारीक सुया एका ठोकळ्यातून पांढरी, गोलसर वस्तू काढत होत्या.

"पाहा भाऊ, तुमचा मुकुट बनून राह्यला."

धनसिंगने पाहिलं. आकार कळीचा होता. रंग जरा पिवळट, पण चालण्यासारखा. तो काचेपुढे हात जोडून उभा राहिला. पेशंट यंत्रापुढे हात जोडतात हे बबिताने याआधी पाहिलं नव्हतं, पण दाढदुखीने माणूस काय करेल हे सांगता येत नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

पुढचा प्रकार खुर्चीवर घडला. अनघांनी चिमट्यात ती कळी धरून आणली आणि त्याच्या तोंडात घातली. धनसिंग उठू लागला. हलू नका, असं सांगून बबिताने खांदा दाबला. त्याने मुकुट, याडी आणि पाप हे तीन शब्द उच्चारण्याचा प्रयत्न केला, पण बाहेर आले ते "उउत, आयी, आआ." अनघांना वाटलं, दुखतं आहे. त्यांनी घाई केली. सिमेंट लागलं, निळा प्रकाश पडला.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता हा निघणार नाही. वर्षानुवर्षं."

धनसिंगचा चेहरा पांढरा पडला. देवीची कळी त्याच्या दाढेवर पक्की झाली होती आणि खिडकीतलं ऊन कलू लागलं होतं. तो उठला, मांडणीवरून गाठोडं आणलं, टेबलावर सोडलं आणि आधी भोकाकडे, मग स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं. हे त्याने तीनदा केलं. तिसऱ्यांदा अनघा खुर्चीत बसल्या.

मधुसूदन सुनेचा जेवणाचा डबा घेऊन आले ते नेमके त्याच वेळी. त्यांनी मुकुट पाहून सुंदर काम आहे असं म्हटलं.

"बाबा," अनघा शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या मराठीचे पेशंट आलेत."

जीभ थोडी ताळ्यावर आल्यावर धनसिंगने उरलेलं सांगितलं: सूर्यास्त, मान, बादल. तोंडातली कळी देवीची नसून त्याचीच आहे, हे त्याला पटवायला बराच वेळ गेला. आरशात दाढ बघून तो किंचित सैल झाला, पण मुकुटातलं भोक तसंच होतं. अनघांनी कपाट उघडून पाहिलं. ठोकळा एकच शिल्लक होता, धनसिंगच्या दाढेला वापरला त्याच रंगाचा.

त्यांनी शेजारच्या कळीवर कॅमेरा धरला. पितळ इतकं घासलं होतं की चकाकीमुळे काही उमटेना. पावडर मारली तेव्हा उमटलं. मग संगणकाने दाताचा क्रमांक विचारला. देवीच्या मुकुटाला क्रमांक नसतो. मधुसूदनांनी शून्य सुचवलं, ते संगणकाने घेतलं नाही. अनघांनी वरचा, समोरचा, मधला असा क्रमांक दिला आणि संगणकाने कळी दाबून चपटी केली, कारण त्याच्या मते समोरचा दात असा असतो. त्यांनी ती गोल केली. त्याने पुन्हा चपटी केली. बाहेर तीन पेशंट ताटकळत होते आणि धनसिंग खिडकी आणि पडदा यांच्यामध्ये येरझारा घालत होता. शेवटी अनघांनी तिला अक्कलदाढ म्हणून नोंदवलं. अक्कलदाढेच्या आकाराबाबत संगणकाचा काही आग्रह नव्हता.

कळी कोरली गेली, भोकात बसली आणि निळ्या प्रकाशाखाली घट्ट झाली. मधुसूदनांनी आपली गाडी काढली. रस्त्यात ते एकदाच बोलले, दंतमुकुट लिहायला हवं होतं, असं. धनसिंग गाठोडं मांडीवर घेऊन सूर्याकडे बघत होता.

ते तांड्यावर पोहोचले तेव्हा सूर्य अजून पळसाच्या वर होता. धनसिंगने मुकुट डोक्यावर घेतला आणि मांडवात आणला. चार कळ्या दुधासारख्या, मधली पिवळट. ती पहिल्यांदा बादलला दिसली. त्याने नायकाला, म्हणजे तांड्याचा प्रमुख रामधन याला, जवळ बोलावून दाखवली.

हे कुठे करून आणलं, असं रामधनने विचारलं. धनसिंग खोटं बोलत नसे.

"यवतमाळले. दाताच्या दवाखान्यात."

बादलने विचारलं की मग हा देवीचा मुकुट आहे की कुणाचा दात. दात म्हणजे हाड, आणि हाड याडीच्या माथ्यावर चढत नाही. खुलासा करायला मधुसूदन होते, पण ते गाडी लावायला गेले होते. म्हणून रामधनने डॉक्टरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"बाई, एकच सांगा. तुमी बसवला थो दात आहे का मुकुट?"

अनघा दुसऱ्या पेशंटच्या तोंडात होत्या. "आमच्याकडे ते एकच," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तेवढ्यात मधुसूदन पोहोचले. त्यांनी हात वर करून सांगितलं की यात हाडाचा कणही नाही. शुद्ध मराठीत सांगायचं तर ही चिनीमाती आहे.

"चीनची?" मागून कुणीतरी विचारलं.

यानंतर मधुसूदनांना पाणी आणि बसायला खुर्ची देण्यात आली, आणि त्यांना पुन्हा काही विचारलं गेलं नाही.

रामधन विचार करत होता. सूर्य पळसामागे गेला होता. लालीबाई इतका वेळ बायकांमध्ये उभी होती; दाढेचं धनसिंगने तिला आल्या आल्या सांगितलं होतं. ती पुढे आली आणि तिने नवऱ्याला तोंड उघडायला सांगितलं. तीच माती ह्यांच्याही दाढेवर आहे, ती म्हणाली, चावून पाहा, ठोकून पाहा, वास घ्या, आणि हाड निघालं तर मुकुट बादलच्या घरी न्या. रामधनला हे न्यायाचं वाटलं. मोबाईलचा दिवा लावून तो धनसिंगच्या तोंडात वाकला, मग बादल वाकला, मग रांग लागली.

रांगेत चौथी म्हातारी रामीबाई होती. तिला दूरचं दिसत नाही आणि जवळचं त्याहून कमी दिसतं. तिने आत पाहिलं, पांढरं काही चमकताना दिसलं, आणि तिने धनसिंगच्या तोंडापुढे हात जोडून डोकं टेकवलं. तिच्या मागच्या दोघींनीही तसंच केलं. तिसरीने कुंकवाची कोयरी मागवली.

सूर्याची कड अजून दिसत होती. रामधनने निकाल सांगितला नव्हता. मुकुट पाटावर होता, याडी मुकुटाशिवाय उभी होती, आणि धनसिंगने तोंड मिटलेलं नव्हतं.