चकतीवरची सरळ रेघ

आसारामने टेम्पो डेअरीच्या फाटकातून आत घेतला, तेव्हा साळवे साहेब हातात भिंग घेऊन त्याचीच वाट बघत होते. साहेबांनी दार उघडलं, डॅशबोर्डखालच्या यंत्रातून कागदाची गोल चकती काढली आणि तिथेच उन्हात तपासली.

"आसाराम, सकाळी गाडी अर्धा तास उभी होती. काल पण. परवा पण. कुठं थांबतोस?"

"ते खासगी हाय, साहेब."

"गाडी कंपनीची, दूध कंपनीचं. मग खासगी काय आहे यात?"

"मी हाय की," आसाराम म्हणाला.

महेंद्र साळवे हे नागापूरच्या या डेअरीत वाहनांचे साहेब. माणूस वाईट नव्हता. मागच्या वर्षी दुधाचा एक टेम्पो घाटात उलटला. ड्रायव्हरला डुलकी लागली होती. तो बिचारा थोडक्यात वाचला, पण तेव्हापासून साहेबांची झोप उडाली. त्यांनी पुण्याहून ही यंत्रं आणून सगळ्या गाड्यांत बसवली. गाडी कधी पळाली, किती वेगाने पळाली, कधी थांबली, हे सगळं यंत्रातली सुई चकतीवर रेघ मारून सांगायची. ड्रायव्हर लोकांनी पहिल्याच दिवशी यंत्राचं नाव 'चुगली' ठेवलं.

"हे बघ," साहेब म्हणाले, "दुधाची गाडी आडबाजूला उभी राहिली की लोक म्हणणार दुधात पाणी घातलं. पुन्हा थांबलेला दिसलास तर गाडी कोंडीरामला देईन."

आता आसाराम थांबायचा तो स्वतःच्या घरी. माळेवाडीत. गाडी रात्री नागापूरला लागायची, त्यामुळे त्याचा मुक्काम कंपनीच्या ड्रायव्हर खोलीत, आणि बायको झुंबरबाई गावी. सकाळी गाडी दूध गोळा करायला माळेवाडीवरून पुढच्या वस्त्यांना जायची आणि त्याच रस्त्याने परत यायची. जाताना अर्धा तास आसाराम घरी थांबून गरम भाकरी खायचा, बायकोशी दोन शब्द बोलायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सध्या त्यांचा सगळा संसार त्या अर्ध्या तासात मावत होता. तो सोडायची त्याची बिलकुल तयारी नव्हती. आणि 'बायकोला भेटायला थांबतो' हे भिंगवाल्या साहेबाला सांगायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. तेव्हा सांगायचं नाही आणि सोडायचंही नाही, असं त्याने ठरवलं.

ड्रायव्हरांत कोंडीराम अनुभवी होता. त्याने चुगलीच्या सुईखाली कापसाचा बोळा घालून पाहिला होता. त्या दिवशी चकतीवर अशा काही रेघा उमटल्या की गाडी उभी असताना ताशी नव्वदने पळत होती. कोंडीरामला दोन दिवस कॅन धुवायला बसवलं. म्हणजे यंत्राच्या नादी लागण्यात अर्थ नव्हता. 'चुगली' फक्त थांबल्याचं सांगते ना, मग थांबायचंच नाही, असा आसारामने विचार केला.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई भाकरीचं फडकं घेऊन रस्त्यावर उभी राहिली. टेम्पो सावकाश आला, आसारामने खिडकीतून हात काढला, झुंबरबाई चार पावलं पळाली. फडकं पोचलं. पिठल्याचं पातेलं मात्र सोसायटीच्या चेअरमनच्या धुवट धोतरावर पोचलं.

तिसऱ्या दिवशी आसारामने कोरडी भाकरी एका हाताने खात खात दुसऱ्या हाताने गाडी चालवली. ठेचा डोळ्याला लागला. संध्याकाळी साहेबांनी चकती टेबलावर ठेवली. "इथं बघ. पळाली, थांबली, पळाली, थांबली. गाडी चालवत होतास का रेड्याशी झुंजत होतास? असाच माणूस घाटात जातो, आसाराम."

हे मात्र आसारामला पटलं. त्याला मरायचं नव्हतं, त्याला जेवायचं होतं.

"मंग आता कसं करायचं?" दुसऱ्या सकाळी त्याने गाडी चालू ठेवूनच बायकोला विचारलं.

झुंबरबाई फडकं घेऊन थेट ड्रायव्हरच्या दाराशी आली. "सरका तिकडं."

"काय?"

"तुमी जेवा. गाडी मी चालवते."

झुंबरबाईने माहेरी भावाचा ट्रॅक्टर चालवून नांगरट केली होती. ट्रॅक्टर चालवणारी पोरगी म्हणून दोन स्थळं मोडली, तिसरं आसारामचं आलं. तिला गिअर, क्लच समजावून सांगायची वेळच आली नाही. उलट "क्लचवर पाय ठेवून बसू नका, प्लेटा जळत्यात," हे तिनेच त्याला ऐकवलं. पण ती नियमाची बाई. पहिले दोन दिवस तिने गाडी फक्त माळाच्या मोकळ्या वावरात फिरवली. मग एका सोमवारी एसटीने नगरला जाऊन शिकाऊ लायसन काढून आणलं आणि टेम्पोच्या पुढे-मागे लाल रंगात 'एल' लिहिलेले पुठ्ठे बांधले. वस्त्यांकडचा रस्ता मोकळाच होता. शेवटच्या वस्तीच्या अलीकडे ती सरकायची, परतीच्या वाटेवर आसाराम पुठ्ठे सोडायचा आणि तिला घरी उतरवायचा.

आसाराम शेजारी मांडी घालून गरम भाकरी खाऊ लागला. झुंबरबाई समोर बघत बोलायची आणि तो ऐकायचा. शेळी व्यायली, विहिरीची मोटर जळली, नणंद रुसली. चकती गप्प.

पंधरा दिवसांनी साहेबांनी त्याला बोलावलं. टेबलावर चकत्या पसरल्या होत्या. आसारामने मनातल्या मनात टेम्पोला रामराम ठोकला.

"बस," साहेब म्हणाले. त्यांनी खुर्ची दिली, म्हणजे प्रकरण फारच वाईट असणार. "ही रेघ बघ. पट्टी लावून मारल्यासारखी. ना धक्का, ना हिसका, ताशी चाळीसच्या वर नाही. रोज सकाळी एवढाच पट्टा असा. बाकी दिवसभर तू चालवतोस बाकीच्यांसारखाच. या वेळेला तू असं काय करतोस?"

आसारामने खूप विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचं नव्हतं.

"जेवतो, साहेब."

साहेब भिंग धरून त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. "बरोबर. पोटात अन्न पडलं की माणूस शांत होतो, शांत माणूस सरळ चालवतो. मी तुम्हाला उपाशी पळवत होतो. माझंच चुकलं."

त्याच दिवशी फळ्यावर हुकूम लागला. प्रत्येक ड्रायव्हरने सकाळी अर्धा तास गाडी थांबवून जेवायचं. कुठे थांबला ते कोणी विचारणार नाही, पण थांबल्याची खूण चकतीवर दिसलीच पाहिजे. कोंडीरामने आसारामला स्वतःच्या पैशाने चहा-भजी दिली.

दुसऱ्या सकाळी आसारामने माळेवाडीत टेम्पो लावला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. "झुंबर, चटई टाक. साहेबांनी परवानगी दिलीय."

झुंबरबाई तोवर स्टेअरिंगवर चढून बसली होती. "कशाची?"

"थांबायची. आता निवांत घरात बसून जेवायचं."

"घरात?" झुंबरबाईने घराकडे बोट केलं. ओट्यावर सासू होती, शेजारची कडूबाई होती, चहाला आलेला चुलत सासरा होता. "घरात मला कवा तुमच्यासंगं बोलाय मिळालंय? तुमी जेवता, समदी वाडी बघत बसती. हितं गाडीत आपन दोघंच असतो. मी न्हाई थांबनार. बसा."

आसाराम बसला. तिचं म्हणणं खरं होतं आणि ते त्याला फार आवडलं, पण फळ्यावरचा हुकूमही आठवला. झुंबरबाईने किल्ली फिरवली.

शनिवारी साहेबांनी सगळ्या चकत्या तपासल्या. सगळे ड्रायव्हर अर्धा अर्धा तास थांबले होते. एकटा आसाराम जेवायला एक मिनिटही थांबला नव्हता.

"कमाल आहे तुझी," साहेब कपाळाला हात लावून म्हणाले. "थांबायचं नव्हतं तेव्हा थांबायचास. तुझ्यामुळं नियम केला, तर थांबत नाहीस. आज सरळ सांग, नाहीतर सोमवारी गाडी कोंडीरामची. जेवायला थांबायला तुला अडचण काय आहे?"

आसारामने टोपी काढून हातात घेतली. आठवडाभर त्याने घरी विनवण्या केल्या होत्या, आता इथे कराव्या लागत होत्या.

"मला काई अडचन न्हाई, साहेब," तो कळवळून म्हणाला. "मी रोज म्हनतो, थांब. पन ड्रायव्हर ऐकत न्हाई."