रेग्युलेटर माझ्या धाकानं चालतो!

मी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा बिघडत नाही! बायकोचं म्हणणं असं की ती पुन्हा चालूच होत नाही, मग बिघडेल कशी? पण बायकोचं सोडा. सासूबाईंचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. होता म्हणजे, ही हकिगत घडेपर्यंत होता.

त्यांची ठिपकी नावाची लाडकी कोंबडी अकरा अंडी मागे ठेवून गेली. "तिचं एक जरी पिल्लू जगलं ना जावईबापू, तरी मला पुरे," असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. मला अशा वेळी गप्प बसता येत नाही.

"एक? आई, अकराच्या अकरा बाहेर काढतो!" मी म्हणालो आणि दोन दिवस खपून उबवणीपेटी तयार केली.

पेटी काय होती म्हणता! आत दिवा, पंखा आणि तापमान साडेसदतीसवर धरून ठेवणारं छोटं सर्किट. वीज गेली तरी अडू नये म्हणून सगळं चार्जरला जोडलेल्या बॅटरीवर. आता बॅटरी बारा व्होल्टची, पंख्याला आणि सर्किटला हवेत पाच. बाराचे पाच करायला मधे रेग्युलेटर, नखाएवढा, तीन पायांचा. काम करताना तो तापतो, म्हणून त्याला पेटीच्या बाहेर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलं होतं. अठरा दिवस पेटी बिनबोभाट चालली.

एकोणिसाव्या दिवशी गारठा पडला आणि मी ऑफिसात टेकतोय तोच फोन!

"जावईबापू, पंखा आचके देतोय! दिवा पण लागतोय, जातोय!"

साहेबांना काहीतरी थाप मारून घरी पळालो. सासूबाईंनी पेटीवर पांघरलेली शाल काढली, घडी घातली, दहा मिनिटं स्क्रूड्रायव्हर शोधला (खिशातच होता!) आणि मीटर लावला. बरोब्बर पाच व्होल्ट! पंखा गरगर फिरतोय.

"काय झालं होतं?" सासूबाईंनी विचारलं.

खरं तर मी काहीच केलं नव्हतं. पण सासूसमोर असं कोणता जावई कबूल करेल? "रेग्युलेटरनं मान टाकली होती. बदलतो," मी म्हणालो आणि म्हटलंच आहे तर खरोखर बदलला.

ऑफिसात पोचलो. पुन्हा फोन! पुन्हा शाल, घडी, मीटर, पाच व्होल्ट! दुसऱ्या दिवशी तिसरा रेग्युलेटर घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, तुम्ही हे खाता का हो?"

"माल बोगस आहे तुमचा!" मी त्यालाच झापलं.

तिसराही माझी पाठ वळताच आचके देऊ लागला. तेव्हा बायकोनं शोध लावला. "अहो, तुम्ही असलात की चालतो, गेलात की बिघडतो. तुमच्या धाकानं चालत असेल!"

या घरात माझ्या धाकानं एखादी तरी वस्तू चालते, हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की तिथल्या तिथे रजा टाकली! पेटीसमोर स्टूल मांडलं, गारठा होता म्हणून पेटीवरची शाल स्वतः पांघरली आणि बसलो. पेटी अशी चालली की बस! शाल पेटीवर टाकून अंघोळीला गेलो, तर बाहेरून बायकोची हाक, "अहो, बिघडला!" ओल्या अंगानं धावत आलो, शाल ओढून अंगावर घेतली. जरा वेळात चालू! त्या दिवशी माझं जेवणही स्टुलावरच आलं.

एकविसाव्या दिवशी सकाळी एका अंड्याला तडा गेला. आतून बारीकसं "चिव" ऐकू आलं. सासूबाई पुढे धावल्या. "बाळाला वारा लागेल," म्हणत त्यांनी माझ्या अंगावरची शाल काढली आणि पेटीवर चारी बाजूंनी घट्ट गुंडाळली.

पंधरा मिनिटांत पंख्यानं आचका दिला. माझ्या डोळ्यांदेखत! मी घाबरून शालीखाली हात घातला आणि बोंबललोच. पट्टी तव्यासारखी तापली होती! हवाच लागत नव्हती, म्हणून रेग्युलेटर बिचारा जीव वाचवायला स्वतःला बंद करत होता. मी शाल काढली की थंड होऊन पुन्हा कामाला लागायचा. बदललेले सगळे रेग्युलेटर ठणठणीत होते!

"म्हणजे माझ्या शालीनंच..." सासूबाईंचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं.

"नाही आई, चूक माझी. पट्टी बाहेर का आहे, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

त्यांनी पट्टीकडे निरखून पाहिलं. "इतकी तापते? मग ही ऊब बाहेर का घालवता? आत पंख्यासमोर बसवा की! तिलाही वारा मिळेल आणि पिल्लांनाही ऊब."

मी आ वासला. मग मुकाट्यानं तो मिटला आणि त्या म्हणाल्या तसं केलं. पेटीवर शाल घालूनसुद्धा पंखा फिरत राहिला, मी खोलीत असो वा नसो! संध्याकाळपर्यंत नऊ पिल्लं बाहेर आली. पहिलं तर ठिपक्याठिपक्यांचं. सासूबाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. खरं सांगतो, मलाही हुंदका आवरेना.

परवा शेजारीण दारात आली. "आमचा बॅटरी बॅकअप मधेच बंद पडतो हो. जरा येऊन बघाल?"

मी छाती फुगवून पक्कड उचलली.

"तुम्हाला नाही हो," शेजारीण म्हणाली, "आजींना विचारतेय."

सासूबाईंनी चष्मा चढवला. "येते की! जावईबापूंनाही घेते बरोबर. स्टूल असेल ना तुमच्याकडे? ते बसतात छान!"