न फुटलेला नारळ

मुग्धानं मल्हारचा प्लॅस्टरमधला हात सासऱ्यांपुढं धरला आणि सांगून टाकलं, "बाबा, त्या घसरगुंडीखालचं सिमेंट निघेपर्यंत हा खाली उतरणार नाही."

मल्हार पडला तेव्हा पुरुषोत्तमराव शेजारच्या बाकावरच बसले होते. कोपराचं हाड मोडलं होतं, आणि हात थोडा वाकडा राहील की काय, अशी शंका डॉक्टरांनी काढून ठेवली होती. डॉक्टरांचं काय जातंय शंका काढायला? घरातल्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

पत्नी गेल्यावर पुण्याचं घर बंद करून पुरुषोत्तमराव बंगळूरला, मारतहळ्ळीला मुलाकडं आले होते. मुलगा शुभंकर सॉफ्टवेअरमध्ये होता, म्हणजे सकाळी घरात नसे आणि संध्याकाळीही नसे. कन्नड येत नव्हतं, ओळखीचं कुणी नव्हतं. कसाबसा दिवस ढकलायचा आणि संध्याकाळी नातवाला घेऊन घसरगुंडीवर जायचं, एवढंच त्यांच्या आयुष्यात उरलं होतं. आता तेही गेलं. समोरच्या बांधकामावर पाणी मारणारा माणूस बघत ते बाल्कनीत बसू लागले, आणि तो माणूसही रविवारी येत नसे.

शेवटी ते इमारतीतल्या रहिवाशांच्या असोसिएशनचे सेक्रेटरी यल्लाप्पा यांच्याकडं गेले. यल्लाप्पा मूळचे निपाणीकडचे, त्यामुळं मराठीत भांडायची तरी सोय होती.

"यल्लाप्पाअण्णा, मुलं जिथं पडणार तिथंच सिमेंट कुणी घातलं?"

"आम्हीच की हो. आधी माती होती. पोरं चिखलाचे पाय घेऊन जिन्यात यायची, बायका ओरडायच्या." यल्लाप्पांनी मान हलवली. "सरी, बरं, तुम्ही सांगा काय घालायचं ते. काढूया की सिमेंट."

सिमेंट निघालं. पण त्या जागी काय घालायचं हे ठरवायला पुरुषोत्तमरावांनी एक परीक्षा शोधून काढली. घसरगुंडीच्या शिडीवर चढायचं आणि वरून नारळ सोडायचा. नारळ फुटला तर जमीन नापास. मुलाचं डोकं काय आणि नारळ काय, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो काही चुकीचा नव्हता.

तांबडी माती उन्हानं विटेसारखी झाली होती. नारळ फुटला. हिरवळ लावली, पण जिथं प्यायला पाण्याचा टँकर येत नव्हता तिथं गवताला कोण विचारतो? गवत वाळलं, नारळ फुटला. मग इथल्याच, बंगळूरच्या शिवाजीनगरच्या वखारीतून लाकडाचा भुसा आणून पसरला. त्यावर नारळ टिकला, पण एका पावसात भुसा कुजला आणि वाळवी थेट तळमजल्यावरच्या दारांच्या चौकटींना लागली. तळमजल्यावरच्यांनी पुरुषोत्तमरावांशी बोलणं सोडलं. तसंही ते कन्नडमध्येच बोलायचे, पण आता हसायचेही बंद झाले.

घरात रोज खोबऱ्याची चटणी होत होती.

"बाबा, अजून किती दिवस?" मुग्धानं पानात वाढता वाढता विचारलं.

"जमीन मऊ होईपर्यंत," पुरुषोत्तमराव खिन्नपणे म्हणाले.

अखेर वाळूची पाळी आली. चांगली गुडघाभर वाळू टाकली. पुरुषोत्तमराव धापा टाकत शिडीवर चढले, त्यांनी नारळ सोडला, आणि तो भस्सकन वाळूत रुतून अख्खाच्या अख्खा राहिला. त्यांनी पुन्हा सोडला, पुन्हा तेच. किती दिवसांनी त्यांना हसू आलं. त्या दिवशी घरात चटणी झाली नाही.

"उद्घाटन करूया," यल्लाप्पा म्हणाले. पुरुषोत्तमरावांच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पण त्यांच्या मनात ती रोजच चुकचुकायची, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही.

घसरगुंडीपुढं कमान बांधली. मुग्धाही मल्हारला घेऊन आली. नारळ फोडायचा मान इमारतीतल्याच प्रतापरावांना दिला होता. फौजेतून निवृत्त झालेला, मिशीवाला, दांडगा माणूस. त्यांनी नारळ उंच धरला आणि सगळ्या ताकदीनं खाली आपटला.

नारळ वाळूत रुतला.

प्रतापरावांनी तो उपसून झटकला आणि पुन्हा आपटला. पुन्हा रुतला. पाचव्या वेळी त्यांची पाठ धरली. चारचौघांत फौजी माणसाचं हसं झालं. ते खुर्चीवर जाऊन बसले आणि कुणाकडं बघेनात.

"अहो, नाही फुटला म्हणजेच चांगलं आहे," पुरुषोत्तमराव सांगत सुटले. "त्यासाठीच तर वाळू घातलीय."

त्यांचं ऐकतो कोण? यल्लाप्पांची म्हातारी आई गंगव्वा पुढं आली. "नारळ फुटंना झालाय बघ यल्ला. पोरांची जागा आहे. असं अर्धवट सोडू नको रे बाबा."

आईपुढं सेक्रेटरीचं काय चालणार? बांधकामातून उरलेला एक काळा दगड दोघातिघांनी उचलून आणला आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी, दोन हातांच्या अंतरावर टेकवला. नारळ फोडायचा दगड म्हणून गंगव्वानं त्याला रीतीनं हळदकुंकू लावलं. नारळ एका फटक्यात फुटला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मुग्धानं दगडाकडं पाहिलं, मग सासऱ्यांकडं. "बाबा, सिमेंट काढून दगड बसवला?" एवढं बोलून ती मल्हारला वर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पुरुषोत्तमराव यल्लाप्पांकडं गेले. "अण्णा, तो दगड तेवढा काढा."

"काढूया की. पण हळदकुंकू लागलेला दगड उचलणार कोण? तुम्ही उचलता?"

पुरुषोत्तमराव तावातावानं गेले. दगडावर कुणीतरी ताजं जास्वंदीचं फूल ठेवलं होतं. ते वाकले, तोच त्यांना मल्हारचा हात आठवला. वाकडा राहिला तर? उगाच विषाची परीक्षा कशाला, असं म्हणून ते सरळ झाले, आणि आलोच आहोत तर म्हणून नमस्कार करून परतले.

त्याच आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या श्वेताच्या नवऱ्याला अमेरिकेचा व्हिसा मिळाला. जाता येता त्यानं दगडाला हात जोडले होते म्हणे. झालं, बातमी फुटली. आसपासच्या कंपन्यांतली पोरं पासपोर्ट घेऊन यायला लागली. मग कुणाचा रखडलेला टेलिफोन लागला, कुणाचं लग्न जमलं. एका रविवारी तर होसकोट्याहून टेंपो भरून माणसं आली. मुग्धाही मल्हारच्या हातासाठी दगडाला प्रदक्षिणा घालू लागली. तिचाही जीव टांगणीला लागलेला होता, तिला कोण नावं ठेवणार?

पण पाय धुऊन दर्शनाला येणाऱ्यांच्या ओल्या पायांना वाळू चिकटायची. प्रसादात वाळू, जिन्यात वाळू. बायका ओरडू लागल्या. असोसिएशनची बैठक बसली.

"वाळू मुलांसाठी घातलीय," पुरुषोत्तमराव कळवळून म्हणाले.

"मुलं कुठं येतात हो तिथं?" यल्लाप्पांनी विचारलं. "तुमचाच नातू येत नाही."

वाळू उपसली गेली आणि तिथं कठीण, गुळगुळीत फरशी बसली. घसरगुंडी तेवढी होती तिथंच राहिली, कारण ती उपटायला कुणाला वेळ नव्हता.

त्यानंतर मल्हारचं प्लॅस्टर निघालं. हात सरळ होता, अगदी सरळ. मुग्धाच्या डोळ्यांत पाणी आलं. पुरुषोत्तमराव तर डॉक्टरांसमोरच रडले. संध्याकाळी मुग्धानं स्वतः मल्हारला खाली आणलं, दगडापुढं नारळ फोडला आणि मुलाच्या पाठीवर थोपटलं.

"जा, खेळ आता."

"मुग्धा, अगं, खाली फरशी आहे," पुरुषोत्तमराव म्हणाले.

"देव आहे ना बाबा तिथं. त्यानंच हात सरळ केला. आता कसली काळजी?" आणि ती निवांतपणे बाकावर जाऊन बसली.

मल्हार शिडी चढूही लागला होता. पुरुषोत्तमरावांना हवं होतं ते सगळं मिळालं होतं. संध्याकाळ होती, घसरगुंडी होती, नातू होता. फक्त खाली फरशी होती. ते घसरगुंडी आणि दगड यांच्या मध्ये त्या गार फरशीवर मांडी घालून बसले आणि मल्हारला झेलायला त्यांनी दोन्ही हात पुढं पसरले.

गंगव्वा प्रसाद वाटत तिकडून चालली होती. पसरलेले हात बघून ती थांबली. "देवाच्या पायाशी असंच बसावं बघा," ती म्हणाली आणि तिनं त्यांच्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

वरून मल्हारनं विचारलं, "आजोबा, येऊ?"

पुरुषोत्तमरावांनी तुकडा घाईघाईनं तोंडात टाकला आणि हात पुन्हा पसरले.