दादाचा पुदिना

“दादा, तुझ्या पुदिन्याला पाणी किती घालायचं रे?”

थोरला हॉस्पिटलात निघाला होता, रिक्षा दारात उभी होती, आणि धाकट्याला सुचला तो हा प्रश्न. “आल्यावर सांगतो,” दादा म्हणाला. तो आलाच नाही. प्रश्न तसाच राहिला, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत रंगाच्या जुन्या डब्यात लावलेला पुदिनाही.

हा पुदिना म्हणजे दादाचा जीव की प्राण. रोज सकाळी उकळत्या चहात दोन पानं चुरगळून टाकायची आणि वहिनीकडे बघून म्हणायचं, “घरचा आहे हां! बाजारचा नव्हे!” दादा गेल्यापासून त्या पानांना कुणी हात लावला नव्हता. चहा बिनपुदिन्याचा व्हायचा. वहिनी तो खिडकीशी उभी राहून, डब्याकडे बघत, गार करून प्यायची.

धाकट्याने मनाशी पक्कं केलं, काहीही होवो, हा पुदिना मरता कामा नये. हासुद्धा गेला तर वहिनीचं काय होईल, या विचाराने त्याला घास गिळवत नव्हता. (तरी पोळ्या रोजच्याइतक्याच संपत होत्या, पण ते गिळवत नसतानाही.)

धाकटा गॅरेजात कामाला होता. शाळा त्याने सातवीत सोडली. खरं म्हणजे शाळेनेच आधी धीर सोडला होता. गाडी कुरकुरली की तेल घालायचं, एवढं एक शास्त्र त्याला पक्कं येत होतं. तेच त्याने पुदिन्याला लावलं. पान पिवळं दिसलं की पाणी. पान गळलं की आणखी पाणी. जाता-येता तांब्या ओतून तो हळूच म्हणायचा, “टिकून राहा रे बाबा.”

एका रविवारी सकाळी बघतो तर पुदिना मान टाकून पडलेला. देठ काळे पडलेले आणि डब्यात नुसता चिखल.

वहिनी न्हाणीघरात होती, आई आत पडली होती. विचार करायला वेळ नव्हता. (असता तरी त्याने केला नसता.) तो तसाच अनवाणी भाजीबाजारात पळाला, पुदिन्याची जुडी घेतली, शर्टात लपवून घरी आणली आणि डबा फरशीवर उपडा केला. आता पाच मिनिटांत नवा पुदिना खोचायचा की झालं!

पण चिखलातून निघालेल्या देठांना दोरा बांधलेला होता. पांढरा, भाजीवाल्याच्या गाठीचा. धाकटा बघतच राहिला. दोरा बांधलेला पुदिना उगवतो कसा?

“भाऊजी, हे काय चाललंय?” दारात वहिनी उभी होती. ओले केस, हातात टॉवेल.

“काही नाही. ह्याला जरा... मोकळी हवा.”

“फरशीवर?”

धाकट्याचा बांध फुटला. “वहिनी, मी मारला त्याला! दादाचा एवढा एक जिवंत होता, तोही मी घालवला!”

वहिनीची नजर दोऱ्यावर गेली आणि कान लाल झाले. “तुम्ही नाही मारला. तो... तो मीच आणून लावलेला आहे. पहिला सुकला. तुम्ही त्याच्याशी बोलत होतात, म्हटलं भाऊजींना कळलं तर कोसळतील.”

“तू लावलास?” आतून आई उठून आली. “तरीच म्हटलं, मी लावलेली काडी एकदम तरारली कशी!”

“आई! तुम्हीसुद्धा?”

“तुझ्यासाठीच गं! सारखी त्याच्याकडेच बघत बसायचीस.”

“आणि पाणी?” धाकट्याने विचारलं.

“मी रोज घालायचे,” वहिनी म्हणाली.

“मीपण,” आई म्हणाली.

तिघं त्या चिखलाकडे बघत राहिली. पुदिना कसला, तलावच केला होता त्याचा.

“म्हणजे दादाचा खरा पुदिना केव्हाच गेला,” धाकटा पुटपुटला.

आई पाटावर टेकली. पदराआड तिचे खांदे हलू लागले. धाकटा घाबरून जवळ गेला, तर ती हसत होती. “अरे, खरा कुठला? त्याचाही कधी जगला नाही! दर आठवड्याला बाजारातून जुडी आणून खोचायचा. मला शपथ घातली होती, हिला सांगू नकोस म्हणून.”

“काय!” वहिनी किंचाळली. “आणि मी शेजारी सांगत फिरले, ह्यांच्या हाताला गुण आहे म्हणून!”

मग जे हसू फुटलं ते आवरेना. वहिनी टॉवेलात तोंड खुपसून हसली, रडली, पुन्हा हसली. “लबाड!” ती म्हणाली. “लबाड माणूस!” इतक्या दिवसांत दादाविषयी ती पहिल्यांदाच बोलत होती. धाकट्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. दादालाच उत्तर माहीत नव्हतं, तर तो सांगणार काय!

“आज पुदिन्याचा चहा हवा,” डोळे पुसत वहिनी म्हणाली.

“बसा! दोघीही बसा! आज मी करणार!” धाकटा गरजला. जन्मात त्याने गॅस पेटवला नव्हता, पण अंगात आलं होतं. दूध, साखर, आणि अख्खी जुडी! घरभर वास सुटला. त्याने तीन कप भरून समोर ठेवले.

आईने घोट घेतला. वहिनीने घेतला. दोघी एकमेकींकडे बघू लागल्या.

“कसा झालाय?”

“झकास,” वहिनी म्हणाली. “फक्त भाऊजी, ह्यात चहाची पावडर घालायची असते.”

दोघींनी कप तळापर्यंत रिकामे केले, आणि गॅसची शेगडी त्याला कायमची बंद झाली. त्याने त्यांच्यासाठी केलेला तो पहिला चहा, आणि शेवटचाही.